दोन फूट सपाट जागा

तान्ह्या बाळाच्या पोटाला भूगोल फार चांगला कळतो. निपाणीच्या घरी सकाळपासून त्याच्या आज्जीने पोटावर वेखंडाचा लेप दिलेला असतो, बायकोने पाय दुमडून दुमडून सायकल चालवून घेतलेली असते, मीसुद्धा "कर की रे राजा, एकदा करून टाक" अशी रीतसर विनवणी केलेली असते. बाळ ढिम्म. असल्या गोष्टी आपल्या घराण्यात कुणी केलेल्याच नाहीत, असा चेहरा. मग सगळे इस्त्रीचे कपडे घालून निघतात, बस तवंदी घाटाला लागते, मागचं गाव सुटलेलं असतं, पुढचं आलेलं नसतं, आणि बाळ एकदम गप्प होतं. नजर लांब कुठंतरी लागते. चेहरा हळूहळू लाल होत जातो. स्वतःच्या गौरवाचं भाषण ऐकताना सत्कारमूर्ती जसे गंभीर होतात, तसं ते गंभीर होतं. आणि मग हसतं.

त्या हसण्याला फशी पडून आजूबाजूचे लोक "किती गोड हो!" म्हणतात. वास मागून येतो.

आमच्या सीमाभागात जमिनीला भारी किंमत. इंचाइंचावर दोन राज्यांचा दावा आहे. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हापासून हे भांडण चाललंय. महाजन आयोग येऊन गेला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, गावांच्या याद्या आणि जनगणनेचे आकडे यांचे गठ्ठे इकडून तिकडे झाले. पण निपाणी ते बेळगाव या पाऊणशे किलोमीटरांत एका बाळाला पाठीवर निजवायला दोन फूट सपाट जागा मागा, तिच्यावर दोन्हीपैकी कुठलंच राज्य हक्क सांगायला येत नाही. महाजन साहेबांनी १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्या आणि बेळगाव कर्नाटकातच राहू द्या, असं म्हटलं होतं. ते अमलात आलं नाही म्हणून आमच्याकडे लोक हळहळतात, चिडतात, मोर्चे काढतात. मी मात्र घाट उतरताना वेगळा विचार करतो. ते अमलात आलं असतं, तर आमच्या बाळाने केलेली शी महाराष्ट्राची आणि बदलायचा डायपर कर्नाटकाचा, असा नवाच आंतरराज्य तंटा उभा राहिला असता.

तसा तो एकदा राहिलाही. निपाणीचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला आहे, म्हणजे कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. निपाणीची पोरं राज्य ओलांडून कॉलेजला जातात आणि जेवायला परत दुसऱ्या राज्यात येतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. थोरलीला घेऊन तिकडं संध्याकाळचे फिरायला गेलो होतो. जुना डायपर सोडला तेव्हा आम्ही कर्नाटकात होतो. बसायला धड कट्टा मिळेपर्यंत लेक तशीच उघडी खांद्यावर, आणि नवा लागला तो महाराष्ट्रात. मधल्या पट्ट्यात काय काय सांडलं त्याची मालकी अजून ठरायची आहे.

थोरलीनेच कोगनोळी नाक्यावर आमची अब्रूही वाचवली होती, हे मात्र कबूल करायला पाहिजे. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरायचं तर आरटी-पीसीआर निगेटिव्ह असल्याचा कागद लागायचा. कोल्हापूरहून परत येत होतो. कागद होते, पण ते फोनमध्ये, आणि फोनने नेमकी मान टाकलेली. पोलिसाने काच खाली घ्यायला लावली, चौकशीसाठी डोकं आत घातलं, आणि मास्क लावलेला असूनही दुसऱ्या क्षणाला बाहेर काढलं. "होग्री, होग्री!" म्हणत त्याने आम्हाला हातानेच पुढं हाकललं. मी वाटेत बायकोला शास्त्र समजावून सांगितलं. कोरोना झालेल्याला वास येत नाही. त्या पोलिसाला आला, आपल्याला तर कागलपासून येतोय. याहून मोठं निगेटिव्ह सर्टिफिकेट कुठली लॅब देणार? बायको म्हणाली, "शास्त्र राहू द्या, गाडी बाजूला घ्या."

आता धाकट्याची पाळी आहे आणि आम्ही बसने जातो. कारण २०२३ च्या जूनपासून कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही. बायको आधार कार्ड दाखवून फुकट, आई फुकट, बाळ तर फुकटच. तिकीट काढणारा तेवढा मी. आणि कंडक्टरने "मुंद होग्री" म्हणून पुढं ढकलल्यावर बाळ मांडीवर घेऊन बसणाराही मीच, कारण पैसे दिलेत तर जागा वसूल करायला नको का, असं घरातल्या दोन्ही बायकांचं मत पडतं.

चालत्या बसमध्ये मांडीवर डायपर बदलणे हा प्रकार ज्यांनी केलेला नाही, त्यांना वाटतं यात काय मोठंसं. बाळाला एक हात लागतो. दोन पाय धरायला एक हात लागतो. जुना सरकवायला एक, नवा सरकवायला एक, आणि पडू नये म्हणून समोरचा दांडा धरायला एक. म्हणजे देवीलाच जमावं असं काम. त्यात ते ओले वाइप्स. पाकिटातून पहिला वाइप निघता निघत नाही; ओढावं, हिसकावं, दातात धरावं. तो निघाला, की बाकीचे एकमेकांचा हात धरून वरातीसारखे बाहेर येतात आणि सीटखालून थेट ड्रायव्हरपर्यंत जातात. चिकटपट्ट्यांचंही तसंच. जिथं चिकटायला हव्यात तिथं चिकटत नाहीत. माझ्या मनगटावरच्या केसांना मात्र पहिल्या झटक्यात.

आणि सल्ले! संकेश्वर यायच्या आत अर्धी बस उठून उभी राहिलेली असते.

"उलटं लावलासा की ओ पावणं. चित्र फुडं पायजे."

"चित्र मागं असतंय. आमच्या नातवाला बघितलोय मी."

"ते प्लॅस्टिक कशाला म्हणतो मी? सुती लंगोट घालायचा. बाळ रडूलंय का उगंच?"

"अवो, मोकळं सोडा की. वारं लागू दे."

हा शेवटचा सल्ला देणारे आजोबा खिडकीशी बसले होते. मी माझ्या मांडीकडे पाहिलं आणि मोकळं सोडण्याचा बेत रद्द केला. सल्ला देणाऱ्या एवढ्या लोकांत बाळाचे पाय धरायला एक हात पुढं येत नाही, ही आपल्या समाजाची जुनी शिस्त आहे. ज्याला काम येतं त्याने लांब उभं राहायचं आणि ज्याला येत नाही त्याने करायचं. सरकारंही अशीच चालतात म्हणा.

सुती लंगोटवाल्यांचा पक्ष आमच्या घरातही आहे. आईचं म्हणणं, तुम्ही सगळे जुन्या लुगड्याच्या फडक्यांवर वाढलात, खाली वाकळ आणि वर दुपटं, कुठं काय बिघडलं? मी तिला सांगितलं, अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या बाईंनी न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावर घालायचं न गळणारं पांघरूण शिवलं, १९५१ मध्ये पेटंटसुद्धा मिळवलं. आईने विचारलं, "आणि पडदा कापल्यावर आंघोळीचं काय केलीन?" मग मी रसायनशास्त्रावर आलो. डायपरमध्ये सोडियम पॉलिॲक्रिलेट नावाची पूड असते. ती स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पिऊन फुगते आणि प्यायलेलं सोडत नाही. म्हणून बाळ कोरडं आणि डायपर जड. आई म्हणाली, "म्हणजे तुझ्या काकासारखं. सगळं आत जातंय, बाहेर काय येत नाही." काकांच्या वाटणीचा विषय निघाल्यावर रसायनशास्त्र तिथंच थांबलं.

खरं सांगायचं तर डायपर बदलता येणारा बाप म्हणून मला आमच्या भागात थोडंफार नाव आहे. बायको दिवसभर बदलते तेव्हा ते काम असतं. मी एकदा बदलतो तेव्हा तो कार्यक्रम असतो. बायका एकमेकींना खुणावतात, "बघ, किती करतो गं तो!" आणि आपापल्या नवऱ्यांकडे बघतात. नवरे माझ्याकडे बघतात. ते बघणं प्रेमाचं नसतं.

पण या नावलौकिकाचा जागेच्या कामी काडीचा उपयोग नाही. कुठं बाळासाठी फळी असलीच तर ती बायकांच्या बाजूला. महाराष्ट्रातल्या एसटी स्टँडांवर हिरकणी कक्ष असतात, पण ते बाळाला पाजण्यासाठी, तिथं पुरुषाने डोकावायचं कारण नाही, आणि नसावंच. उरला पुरुषांचा विभाग. तिथं सपाट म्हणून जी जागा असते ती ओली असते, आणि कशाने ओली हे विचारायचं नसतं. हे दुखणं आपलंच आहे असंही नाही. २०१८ साली फ्लोरिडातल्या डोन्टे पामर नावाच्या बापाचा फोटो जगभर फिरला. पुरुषांच्या स्वच्छतागृहात टेबल नाही, म्हणून हा गडी भिंतीला पाठ लावून उकिडवा, मांड्यांचं टेबल केलेलं, त्यावर लेक निजलेला. अमेरिका हळहळली. त्याच्या आधीच, २०१६ मध्ये, ओबामांनी एका कायद्यावर सही करून तिथल्या केंद्र सरकारच्या इमारतींत पुरुषांच्याही बाजूला बाळाचं टेबल सक्तीचं केलं होतं. हे मी सासऱ्यांच्या मित्रमंडळींत सांगितलं, तर एक अण्णा तंबाखू मळता मळता म्हणाले, "मग आपल्याकडं अडचण कुठाय? बेळगावचं ते विधानभवन, सुवर्णसौध, बघितलासा न्हवं? २०१२ला राष्ट्रपती येऊन उद्घाटन करून गेले. आत टेबलं किती असतील! अधिवेशन हिवाळ्यात, ते बी थोडे दिवस. बाकीचं वरीस पोरं निजवायची." ठराव एकमताने मंजूर झाला. सीमाभागात मराठी आणि कन्नड दोन्ही बाजूंनी मान डोलावलेला दुसरा ठराव मला तरी आठवत नाही.

तर बायकोच्या मामेबहिणीचं लग्न होतं. बेळगावच्या शहापुरातलं एक मंगल कार्यालय. अक्षता पडायला अवकाश होता. बायको साडी नेसायला नवरीच्या खोलीत गेली ती गेलीच. धाकटा माझ्याकडे. आणि धाकटा गप्प झाला, नजर लांब लागली.

नवरीच्या खोलीच्या दारात एक काकू उभ्या होत्या. "आत बायका आहेत," त्या म्हणाल्या. नवऱ्याच्या खोलीत पत्त्यांचा डाव रंगला होता; खेळणाऱ्यांनी वासावरून मला ओळखलं आणि न बोलता दार लावून घेतलं. स्वयंपाकघराकडे वळलो तर आचाऱ्याने उलथनं उगारलं. शेवटी एक रिकामी खोली दिसली. आत लांबच लांब टेबल, त्यावर पांढरीशुभ्र चादर, आणि चादरीवर मांडलेलं रुखवत.

मधोमध बाळ मावेल एवढी जागा मोकळी होती. एका बाजूला सुपारीचे भटजी-भटणी आणि साखरेचं तुळशीवृंदावन, दुसऱ्या बाजूला लोकरीचा ससा, मण्यांचा राजहंस, करंज्यांची रास आणि बुट्टीत घड्या घालून रचलेले मांडे. बेळगावचं लग्न म्हटल्यावर मांडे असायचेच. मी दुपटं पसरलं, धाकट्याला निजवलं, जुना डायपर सोडून कागदात गुंडाळला, नवा काढून शेजारी ठेवला आणि वाइप्सचं पाकीट दातात धरलं. तेवढ्यात दारातून बायकांचा घोळका आत आला. मी घाईघाईने टेबलाखाली बसलो. का बसलो ते सांगता येणार नाही. माणूस दातात पाकीट धरून रुखवतापाशी सापडला तर त्याने उभं राहून तरी काय सांगायचं?

वरून आवाज यायला लागले.

"अगं बाई, बाळकृष्ण केलाय बघ!"

"कशाचा केलाय गं?"

"खव्याचा असणार. रंग काय सुरेख आलाय. पायाची बोटं तर बघ, नखंसुद्धा काढलीत."

"हालतंय की गं ते!"

"सेल घातले असतील. हल्ली मिळतंय सगळं."

मुलगे असलेल्या आईबापांना ठाऊक आहे, डायपर सुटल्यावर आणि वारं लागल्यावर थोड्या वेळाने काय होतं. धाकट्याने धार सोडली. ती उंच गेली, सुंदर कमान करून वळली.

"अगं, कारंजं पण बसवलंय!"

कारंज्याचं पाणी साखरेच्या तुळशीवृंदावनावर पडत होतं, आणि त्याचा एक कोपरा शांतपणे विरघळायला लागला. तेव्हा कुठे एका काकूंना शंका आली. किंचाळी ऐकून मी टेबलाखालून बाहेर आलो, त्यामुळे दुसरी किंचाळी झाली. "जावईबापू, तुम्ही?" हे तीन वेगवेगळ्या चालींत म्हटलं गेलं. नवा डायपर घ्यायला हात पुढं केला, तर जागेवर नाही. कुणीतरी नीटनेटक्या बाईने पांढऱ्याशुभ्र घडीचा पदार्थ बाहेर का पडलाय, म्हणून तो मांड्यांच्या बुट्टीत सर्वांत वर रचून ठेवला होता.

नंतरची सगळी सूत्रं मेहुणीने हातात घेतली. ती पुण्याला असते आणि तिला सगळ्याची पद्धत माहीत असते. "दाजी, तो पुडा इकडे द्या. नुसता टाकायचा नसतो. वरून लाल ठिपका करायचा. पुण्यात कचरावेचक बायकांच्या संस्थेने सुरू केलंय. ठिपका दिसला की त्यांना कळतं आत काय आहे, उघडून हात घालावा लागत नाही." गोष्ट लाखमोलाची होती. फक्त लाल पेन नव्हतं. मेहुणीने दारातल्या तबकातलं कुंकू बोटावर घेतलं आणि पुड्यावर ठसठशीत टिळा लावला. चार अक्षताही चिकटल्या.

पुडा घेऊन मी बाहेर आलो. अंगणात दोन डबे, हिरवा आणि निळा. हिरवा ओल्या कचऱ्याचा, निळा सुक्याचा. माझा हात हिरव्याकडे गेला तसे त्या वेळचे नियम तोंडपाठ असलेले एक निवृत्त मास्तर आडवे आले. "सुक्यात टाका. केंद्राचे २०१६ चे घनकचऱ्याचे नियम आहेत. डायपर गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात."

"मास्तर, हात लावून बघा आणि मग सुका म्हणा," शेजारी उभे असलेले अण्णा म्हणाले.

"नियम म्हणजे नियम!"

"ओल्याला सुकं म्हणायचा नियम दिल्लीतच होणार."

"तुम्ही आधी नियम वाचा."

"तुम्ही आधी वास घ्या."

बघता बघता माणसं जमली, दोन पक्ष पडले. ओलावाले जास्त होते, सुकावाल्यांकडे कायदा होता, आणि दोन्ही बाजूंना मागं हटायची सवय नव्हती. आत भटजींनी मंगलाष्टकांना सुरुवात केली. बायको दारातून डोळे मोठे करून बोलावत होती. कडेवर बाळ, हातात अक्षता, त्यात हा पुडा. म्हणून मी तो क्षणभर जवळच्या टेबलावर टेकवला आणि आत धावलो.

हल्ली लग्नपत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" असं छापतात आणि दारातच टेबल टाकून वहीवाला बसवतात. ते टेबल त्याचं होतं. अक्षता टाकून परत आलो तर त्याने कुंकू लावलेला पुडा मानाने उचलून हातात तोलला होता.

"तुमचाच न्हवं, पावणं? जड हाय. मिठाई? कुंदा काय?"

मी तोंड उघडेपर्यंत त्याने लिहूनही टाकलं होतं: निपाणीचे जावई, कुंदा, अर्धा किलो.